हवेली तालुका व लोणी काळभोर
हवेली तालुका व लोणी काळभोर : महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील, पुणे शहरास वेढून असलेला तालुका व त्याच्या पूर्व भागातील एक प्रमुख गाव. लोणी काळभोर (सु. १८° २९' उ. व ७४° पू.) हे पुण्याच्या पूर्व-आग्नेयेस सु. १८ किमी. अंतरावर पुणे–सोलापूर महामार्गावर वसले आहे. पुणे–दौंड लोहमार्गावरील लोणी स्थानक गावाजवळच आहे. तालुक्यात लोणी कंद हे दुसरे लोणी असल्याने दोन्ही गावे त्यांतील प्रमुख घराण्यांच्या आडनावांनी ओळखली जातात. पुण्यासारख्या दाट लोकवस्तीच्या जिल्ह्याचे प्रशासन कसे घडले आणि नगर व ग्राम यांच्या सीमेवर त्यापुढे कोणते प्रश्न उभे राहिले, हे समजून घेण्यास हवेली तालुक्याचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

भूवर्णन : पुणे जिल्हा १७° ५४' उ. ते १९° २४' उ. आणि ७३° १९' पू. ते ७५° १०' पू. यांदरम्यान पसरला असून त्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौ. किमी. आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, तिच्या पायथ्याशी मावळाची खोरी आणि पूर्वेस हळूहळू उतरत जाणारे पठार, असे त्याचे तीन स्वाभाविक विभाग पडतात. पर्जन्यमानही याच क्रमाने घटत जाते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात तो सु. ७०० मिमी. पडतो, तर दौंड व इंदापूर या पूर्वेकडील तालुक्यांत ५०० मिमी.च्या आसपास येतो. पश्चिमेस पडणारे पाणी पूर्वेकडे नेणे, ही या जिल्ह्याची जुनी गरज आहे. तेथील सिंचनाच्या व शहरी पाणीपुरवठ्याच्या इतिहासाचा उगम याच गरजेत आहे.

हवेली तालुका या संक्रमणपट्ट्यात येतो. मुळा व मुठा या नद्यांचा संगम पुणे शहरात होतो. तेथून मुळा-मुठा या जोडनावाने नदी मांजरी, थेऊर या गावांवरून पूर्वेस वाहत जाते आणि शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. तालुक्याच्या दक्षिण सीमेवर कात्रजपासून पूर्वेकडे गेलेली भुलेश्वराची रांग असून दिवे घाट व शिंदवणे घाट यांमधून पुरंदर तालुक्यात उतार-चढ होतो. लोणी काळभोरची शिवारे उत्तरेकडील नदी आणि दक्षिणेकडील ही डोंगररांग यांच्या दरम्यान आहेत. नदीकाठची जमीन काळी व खोल असून डोंगराकडे सरकत जावे तसतशी ती मुरमाड व हलकी होत जाते. डोंगराच्या बाजूस रामदरा हे मंदिर व तळे असलेले निसर्गरम्य ठिकाण आहे.

नाव व प्राचीन प्रशासन : ‘हवेली’ ही संज्ञा मुसलमानी राजवटींतील महसुली परिभाषेतून आली आहे. परगण्याच्या मुख्य ठाण्याभोवतालचा, ठाण्यातील अधिकाऱ्याच्या थेट देखरेखीखालचा मुलूख म्हणजे हवेली. अर्थात ठाण्यावाचून हवेलीस अर्थ नाही. पुण्याशी असलेले तालुक्याचे नाते अशा रीतीने त्याच्या नावातच सांगितलेले आहे. पुणे व सुपे हे परगणे निजामशाहीकडून मालोजी भोसले यांच्याकडे व पुढे शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लष्करी स्वाऱ्यांमुळे उजाड झालेल्या पुण्याची पुनर्वसाहत दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली झाली. मराठेशाहीत प्रांत, तर्फ व गाव अशी उतरंड होती. गावाचा कारभार पाटील व कुलकर्णी पाहत, तर परगण्यात देशमुख व देशपांडे हे वतनदार असत. बलुतेदारांचे हक्क धान्याच्या वाट्यातून भागविले जात.

पेशव्यांचे वास्तव्य पुण्यात स्थिरावल्यावर हवेलीतील गावांचे महत्त्व वाढले. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले. लोणीच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या वळणात वसलेले थेऊर हे अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे स्थान होय. थोरले माधवराव पेशवे यांचे या ठिकाणी वारंवार वास्तव्य असे व तेथेच १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांचे निधन झाले. राजधानीस लागणारे धान्य, चारा, सरपण व भाजीपाला आसपासच्या गावांतून येई. ग्रामीण उत्पादन व नागरी गरज यांचा हा संबंध पुढील दोन शतकांत बदलत गेला, पण तुटला नाही.

ब्रिटिश अंमल : खडकीच्या लढाईनंतर (५ नोव्हेंबर १८१७) पेशवाईचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. मौंट्‌स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने जुनी ग्रामव्यवस्था शक्य तो न मोडता कारभार सुरू ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि कॅप्टन रॉबर्ट्‌सन याची पुण्याचा कलेक्टर म्हणून नेमणूक झाली. याच काळात टॉमस कोट्स या डॉक्टराने १८२० मध्ये ‘लोणी’ या गावाची माहिती देणारा निबंध लिहिला. गावचे अधिकारी, बलुतेदार, शेती व राहणीमान यांचे हे वर्णन भारतीय ग्रामाच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक मानले जाते. हे लोणी म्हणजे हवेलीतीलच लोणी कंद होय. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी केली आणि तीवरील त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. नामसादृश्यामुळे कोट्सचे वर्णन लोणी काळभोरचे समजले जाण्याचा संभव असतो, म्हणून हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

जमीनमहसुलाच्या बाबतीत पुणे जिल्हा ही कंपनी सरकारची प्रयोगभूमी ठरली. प्रिंगल याने १८३० च्या सुमारास केलेली आकारणी शेतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या सूक्ष्म गणितावर आधारलेली होती. परंतु ती जड झाल्याने अनेक ठिकाणी रयतेने जमिनी सोडल्या. गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात १८३६ पासून नवी मोजणी करून तीस वर्षांच्या मुदतीची, सौम्य व शेतावर बसविलेली आकारणी अमलात आणली. मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धती या पायावर उभी राहिली. जमीन आता निश्चित सर्व्हे क्रमांकाची, विकता व गहाण ठेवता येण्याजोगी मालमत्ता बनली. तिचा एक परिणाम म्हणजे सावकारी कर्जाचा विळखा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेले शेतकऱ्यांचे दंगे आणि त्यांनंतरचा १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य अधिनियम यांची पार्श्वभूमी हीच होती.

लोहमार्ग व कालवा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटनांनी पूर्व हवेलीचे रूप पालटले. लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्यास येऊन पोहोचला आणि दोन वर्षांत तो सोलापूरपर्यंत गेला. दुसरी घटना म्हणजे मुठा कालव्याची निर्मिती. पुणे व खडकी येथील लष्करी छावण्यांना पाणी पुरविणे आणि पूर्वेकडील अवर्षणप्रवण गावांना सिंचन उपलब्ध करून देणे, या दुहेरी हेतूने मुठा नदीवर खडकवासला येथे १८६९ मध्ये धरणाचे काम हाती घेण्यात आले. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून जलाशयास ‘फाइफ जलाशय’ असे नाव देण्यात आले होते. धरणाचा उजवा कालवा हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन या मार्गाने सु. ११० किमी. अंतर कापून पाटसच्या बाजूस जाई. बाजरी-ज्वारीच्या जिराईत पट्ट्यात त्यामुळे ऊस, भाजीपाला व फळबागा आल्या.

पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले व त्या लोंढ्याने खडकवासला धरणही भंगले. पुनर्बांधणीनंतर अधिक क्षमतेचा नवा मुठा उजवा कालवा काढण्यात आला व तो इंदापूर तालुक्यापर्यंत गेला. जुना कालवा आता ‘बेबी कालवा’ या नावाने ओळखला जातो. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांची एकत्रित उपयुक्त साठवण सु. २९ अब्ज घनफूट आहे. मूळ आखणीत या पाण्याचा मोठा वाटा शेतीसाठी होता. पुण्याची वस्ती वाढत गेली तसा शहराचा वाटा वाढत गेला आणि पूर्वेकडील शेतकऱ्यांची आवर्तने अनिश्चित झाली. या तुटीची अंशतः भरपाई म्हणून शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून मुंढवा येथून बेबी कालव्यात सोडण्याची योजना अमलात आली. ज्या कालव्याने एकेकाळी धरणाचे पाणी आणले, त्याच कालव्याने शहराने वापरलेले पाणी गावांकडे येऊ लागले. नगर व ग्राम यांच्या बदललेल्या संबंधांचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

जमिनीचे विभाजन : पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी हवेली तालुक्यातील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या निष्कर्षानुसार या गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये सु. ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकर झाले आणि १९१५ च्या सुमारास केवळ सात एकर उरले. जमिनीचे तुकडे पडण्याच्या प्रश्नावरील पुढील सर्व चर्चेत या आकड्यांचा आधार घेतला गेला. धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम मुंबई राज्यात १९४७ मध्ये संमत झाला. परंतु शहराच्या परिसरात जमिनीचे मोल पिकावर न राहता घरबांधणीवर ठरू लागल्याने गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली जाऊ लागली. अशा विनापरवाना विकासाच्या नियमनासाठी राज्यास २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम करावा लागला. मॅन यांनी अभ्यासलेले पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत असून तेथे शेताच्या जागी बहुमजली वसाहती आहेत. हडपसरजवळील मगरपट्टा येथे मात्र शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून, त्या न विकता, स्वतःच नगर वसविण्याचा वेगळा मार्ग स्वीकारला.

नागरी प्रशासन : पुणे नगरपालिका १८५७ मध्ये व उपनगर नगरपालिका १८८४ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या एकत्रीकरणातून १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. पुणे व खडकी ही कटक मंडळे मात्र स्वतंत्र राहिली. देहू रोड कटक मंडळाची त्यांत नंतर भर पडली. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना आणि १९६० नंतर औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आल्याने हवेलीचा वायव्य भाग उद्योगप्रधान बनला. तेथे १९७० मध्ये नगरपालिका आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. एकाच तालुक्याच्या भूमीवर अशा रीतीने दोन महानगरे उभी राहिली. जिल्ह्याची लोकसंख्या १९६१ मध्ये २४,६६,८८० होती. ती २०११ मध्ये ९४,२९,४०८ झाली. त्यांपैकी सु. ६१ टक्के लोक नागरी भागात राहत होते आणि पुणे (३१,२४,४५८) व पिंपरी-चिंचवड (सु. १७,२७,०००) या दोन महानगरपालिकांतच जिल्ह्याची निम्म्याहून अधिक वस्ती होती. जिल्ह्यात पुणे शहर, हवेली, मुळशी, मावळ, राजगड (पूर्वीचा वेल्हे), भोर, पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, खेड, आंबेगाव व जुन्नर असे १४ तालुके आहेत. पुणे हे विभागीय आयुक्तांचेही ठाणे आहे.

शहराच्या हद्दवाढीचा इतिहास दीर्घ व वादग्रस्त आहे. १९९७ मध्ये ३८ गावे पुणे महानगरपालिकेत घेण्याचा निर्णय झाला. परंतु स्थानिक विरोधामुळे पुढे त्यांतील काही पूर्णतः व काही अंशतः वगळण्यात आली. वगळलेल्या गावांत बांधकामे थांबली नाहीत. नियोजन तेवढे थांबले. ऑक्टोबर २०१७ मध्ये उरुळी देवाची व फुरसुंगी यांसह ११ गावे आणि ३० जून २०२१ रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी आदी २३ गावे महानगरपालिकेत आली. त्यामुळे महानगरपालिकेचे क्षेत्र पाचशे चौ. किमी.च्या पुढे गेले. उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे टाकला जात होता. महानगरपालिकेचा वाढीव कर व अपुऱ्या सुविधा यांविषयीच्या असंतोषातून ही दोन्ही गावे पुन्हा वेगळी काढून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

२०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांच्या वाट्याला आणखी एक अडचण आली. समावेशाबरोबर त्यांच्या ग्रामपंचायती संपुष्टात आल्या आणि मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक नेमला गेला. परिणामी तेथील नागरिकांना तीन वर्षांहून अधिक काळ सरपंचही नव्हता व नगरसेवकही नव्हता.

लोणी काळभोरची स्थिती : २०२१ च्या हद्दवाढीनंतर महानगरपालिकेची सीमा शेवाळेवाडीपर्यंत येऊन ठेपली. तिच्या लगत पूर्वेस कदमवाकवस्ती व लोणी काळभोर या स्वतंत्र ग्रामपंचायती आहेत. संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघाल्यावर लोणी काळभोर येथे मुक्काम करून यवतकडे जाते. गावाच्या परिसरात तेल कंपन्यांची साठवण केंद्रे असून मुंबईहून नळमार्गाने आलेले इंधन येथून इतरत्र जाते. चित्रपट-निर्माते राज कपूर यांची ‘राजबाग’ ही शेतवाडी येथेच होती. तेथे आता एमआयटी कला, अभिकल्प व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. थेऊर येथील यशवंत सहकारी साखर कारखाना पूर्व हवेलीच्या ऊसशेतीचा प्रमुख आधार होता. तो २०११ पासून बंद पडल्याने शेतकऱ्यांना ऊस तालुक्याबाहेर पाठवावा लागू लागला. जवळच्या उरुळी कांचन येथे महात्मा गांधींनी मार्च १९४६ मध्ये निसर्गोपचार केंद्राचा प्रारंभ केला. त्याची धुरा वाहणारे मणिभाई देसाई यांनी पुढे १९६७ मध्ये भारतीय कृषी-उद्योग प्रतिष्ठान (बाएफ) ही संस्था स्थापन केली.

या गावाच्या प्रशासनाची रचना गुंतागुंतीची आहे. पाणी, दिवाबत्ती व स्वच्छता यांची जबाबदारी १९५८ च्या अधिनियमानुसार ग्रामपंचायतीकडे आहे. शाळा, आरोग्य केंद्रे व ग्रामीण रस्ते या बाबी १९६२ मध्ये अस्तित्वात आलेली जिल्हा परिषद व हवेली पंचायत समिती पाहते. वंशपरंपरागत कुलकर्णी वतने १९५१ मध्ये व मुलकी पाटील वतने १९६२ च्या अधिनियमान्वये नष्ट झाल्यावर महसुली दप्तर तलाठ्याकडे आले. या पदास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नामाभिधान आहे. हवेलीचे तहसील कार्यालय पुणे शहरात असल्याने व तालुक्याचा भार अवाढव्य झाल्याने पिंपरी-चिंचवड आणि लोणी काळभोर येथे अपर तहसीलदारांची कार्यालये स्थापन करण्यात आली. नियोजन व बांधकाम परवानगी हा विषय २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला. प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला होता. तो पुढे रद्द झाला. लोणी काळभोर पोलीस ठाणे २०२१ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांकडून पुणे शहर पोलीस आयुक्तालयाकडे वर्ग करण्यात आले. विधानसभेसाठी गाव शिरूर मतदारसंघात मोडते.

पोलीस व्यवस्थेच्या दृष्टीने शहर, स्थानिक कारभाराच्या दृष्टीने खेडे आणि नियोजनाच्या दृष्टीने महानगर प्रदेश, अशी या गावाची त्रिविध ओळख झाली आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार ७ ते १७ असते. त्यामुळे गावाची वस्ती छोट्या नगराएवढी झाली, तरी सदस्य १७ हून अधिक होत नाहीत. नळयोजना, मलनिःसारण, अग्निशमन व कचऱ्याची विल्हेवाट या नगरास आवश्यक सेवांसाठी लागणारा कर्मचारीवर्ग व निधी ग्रामपंचायतीच्या चौकटीत बसत नाही. यांशिवाय २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने लोकसंख्येवर अवलंबून असलेले निर्णय दीर्घ काळ २०११ च्या आकड्यांवरच घेतले गेले. या अवधीत अशा गावांची वस्ती झपाट्याने वाढली होती.

समालोचन : हवेली तालुक्याच्या इतिहासात एक क्रम सातत्याने दिसतो. शहराची गरज प्रथम पोहोचते व तीस अनुरूप प्रशासन मागाहून येते. पेशवाईत ही गरज धान्य व चाऱ्याची होती. ब्रिटिश काळात पाणी व लोहमार्गाची आणि स्वातंत्र्योत्तर काळात कारखाने, निवास व कचऱ्यासाठी जागेची. हद्दवाढीने गावास नागरी सेवांचा हक्क मिळतो, तथापि त्याची ग्रामपंचायत, गायरान व निर्णयाचा अधिकार त्यास गमवावा लागतो. हद्दीबाहेर राहिल्यास हा अधिकार टिकतो, परंतु वाढती वस्ती सांभाळण्याचे साधन हाती येत नाही. पर्याय म्हणून पूर्व हवेलीसाठी स्वतंत्र महानगरपालिका वा नगरपरिषदा स्थापन करण्याची सूचना वेळोवेळी पुढे आली आहे. कोणताही मार्ग स्वीकारला, तरी कालव्याच्या पाण्याची वाटणी, नदीचे प्रदूषण, कचरा व वाहतूक हे प्रश्न कोणत्याही एका संस्थेच्या हद्दीत मावणारे नाहीत. ठाणे व हवेली हे एकाच मुलखाचे दोन भाग आहेत, ही जुन्या परिभाषेत गृहीत धरलेली गोष्ट नव्या प्रशासकीय रचनेत कशी उतरते, यावर लोणी काळभोरसारख्या गावांचे भवितव्य अवलंबून आहे.